सलीम, मी भट्टी बघायला गेलो होतो

सलीम, तू माझ्याशी खोटं बोललास. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलायची रीत आहे, पण तू मला बावीस वर्षं ओळखतोस, मनात एक ठेवून कागदावर दुसरं लिहायला लागलो तर मला रात्रभर झोप येणार नाही. म्हणून आधी भांडण उरकून घेतो. सात महिने तू दर सोमवारी दवाखान्यात जात होतास. सात महिने मी फोनवर विचारत होतो आणि तू म्हणत होतास, "काय न्हाई, समदं हाय तसंच हाय." मला खरं कधी कळलं? तुला अतिदक्षता विभागात हलवल्यावर, तेही भाभींनी सांगितलं म्हणून. काचेतून तुला बघितलं आणि पहिल्यांदा राग आला. वाईट वाटणं नंतर सुरू झालं, ते अजून चालू आहे.

आज सव्वीस दिवस झाले. तुझ्या गावाला, राजगुरुनगरच्या पलीकडे, तुला माती दिली तेव्हा मी कुणाशीच बोललो नाही. लोक येऊन विचारत होते, "तुम्ही त्यांचे पार्टनर ना?" मी मान हलवत होतो. तू असतास तर लगेच म्हणाला असतास, "पार्टनर न्हाई वो, शेजारी." भोसरीत माझी लेथ, चाकणच्या अलीकडे तुझी भट्टी, मध्ये चौदा किलोमीटर आणि मोशीचा ट्रॅफिक. असे शेजारी फक्त आपणच.

मी पोलादाचे बुश, म्हणजे जाड नळीचे आखूड तुकडे, कापायचो, तू ते भट्टीत तापवून तेलात बुडवून कडक करायचास, आणि मग ते चाकणच्या त्या मोठ्या कंपनीत गाड्यांच्या खाली बसायला जायचे. कागदावर आपला संबंध एका चलनापुरता. बाकी सगळा संबंध तोंडी. त्यात अर्धा वेळ एकमेकांच्या बोलण्याची थट्टा करण्यात जायचा. मी लातूरचा, माझ्या तोंडून "येतोय"च्या जागी "येऊ लालो" निघालं की तू भट्टीवरच्या सगळ्या पोरांना गोळा करून मला पुन्हा म्हणायला लावायचास. आणि तुझं ते "आमी", "हाय", "व्हय" ऐकून कंपनीतले साहेब गोंधळायचे. नाव सलीम आणि बोलणं मावळातल्या पाटलासारखं. तुला त्याची मोठी मौज वाटायची.

तो लॉट आठवतो? न आठवून कसं चालेल, त्याच दिवशी आपलं अहो-जाहो संपलं.

भट्टीतून निघालेल्या बुशाचं आतलं भोक, आपल्या भाषेत बोअर, जरासं आकसतं. त्या पहिल्या वर्षी ते नको तेवढं आकसत होतं आणि कंपनी तुला बोलत होती. मला वाटलं, सलीमभाई बिचारे नाहक ऐकून घेताहेत. मी गुपचूप बोअर थोडा मोठा कापायला सुरुवात केली. कुणाला सांगितलं नाही, चांगुलपणा करतोय ना, त्यात सांगायचं काय. नेमकं त्याच आठवड्यात तुला वाटलं, विलासरावांना परत आलेल्या मालाचे बोअर घासत बसावं लागतंय, बरं दिसत नाही. तू बुश एकावर एक रचायचं सोडून सुटे टांगायला नवी जिग, म्हणजे आकड्यांची चौकट, बनवलीस. बोअर आकसायचाच थांबला. तूही कुणाला सांगितलं नाहीस. लहान बोअर घासून मोठा करता येतो. मोठा झालेला लहान कसा करणार? अख्खा लॉट भंगारात.

कंपनीच्या गेटवर आपण भांडलो. भर दुपारी, उन्हात. मी म्हणालो, "अहो, तुम्ही भट्टीत काहीतरी केलंय." तू म्हणालास, "आवो तुमीच काय तरी केलंय." चढत चढत मी "तू" वर आलो आणि तूही आलास. वॉचमन येऊन म्हणाला, "साहेब, जरा बाजूला भांडा, कंटेनर आत घ्यायचाय." आपण दोघं निमूटपणे बाजूला झालो, कंटेनर आत गेला, आणि पुन्हा सुरू केलं.

"अरे, मी तुझ्यासाठीच मोठा ठेवला होता बोअर!" मी ओरडलो.

"आरं मग म्या जिग कुणासाठी केली?"

आधी तू हसलास. मला हसायला बराच वेळ लागला, कारण पुढच्या आठवड्यात कंपनीला काय तोंड दाखवायचं हाच विचार डोक्यात होता. पण तू तिथंच, गेटच्या भिंतीला टेकून, एक गोष्ट बोललास. म्हणालास, "विलासराव, एकमेकाचं वाईट केलं आसतं तर आपन सांभाळून ऱ्हायलो आसतो. चांगलं केलं म्हनून गाफील ऱ्हायलो. आता इथनं पुढं चांगलं करायचं आसंल तरी आधी सांगायचं."

त्यातून तो फोन सुरू झाला. सकाळी पहिलं काम मशीनला लागायच्या आधी, तू तरी करायचास किंवा मी तरी. एकच प्रश्न: "काय बदललं का?" टूल बदलला, ऑपरेटर रजेवर गेला, टाकीतलं तेल बदललं, नवा माल दुसऱ्या गिरणीचा आला, जे असेल ते सांगायचं. नसेल तर "काही नाही" म्हणून ठेवायचं. पुष्कळदा अर्ध्या मिनिटात संपायचं. गुरुवारी आपल्या भागात लाईट नसते, सगळं बंद असतं, तरी तू सवयीनं फोन करायचास आणि मी घरी बायकोसमोर, सुनंदाच्या देखत, उत्तर द्यायचो, "घरचा चहा बदललाय, आज त्यात आलं नाही."

तुला एकदा उद्योजकांच्या बैठकीत बोलायला बोलावलं होतं. दोन छोट्या कारखान्यांनी मिळून काम कसं करावं, यावर. इतरांनी पडद्यावर चित्रं दाखवली, बाण काढले, गोल काढले. तुझी पाळी आली. तू उठलास, म्हणालास, "रोज सकाळी एकमेकाला फोन करा," आणि खाली बसलास. लोकांना वाटलं तू घाबरलास. मी मागच्या रांगेत होतो, मला माहीत होतं की तुझं भाषण संपलंय. चहाच्या वेळी तीन जणांनी तुला विचारलं, पण फोनवर बोलायचं काय? तू म्हणालास, "खरं."

आणि तू नुसतं म्हणायचा नाहीस. काही बुशांना तडे गेले होते तेव्हाची गोष्ट. कंपनीनं मला बोलावलं, कारण चलनावर पहिलं नाव माझं. मी रस्ताभर काय सांगायचं याची जुळवाजुळव करत गेलो. पोचलो तर तू आधीच साहेबांच्या टेबलापाशी उभा. फोडलेला बुश टेबलावर ठेवलेला. "ह्ये माझं हाय साहेब. तेल तापलं व्हतं, म्या ध्यान दिलं न्हाई. ह्यांचा काय संबंध न्हाई." तुला कुणी बोलावलंही नव्हतं. साहेबांनी त्या दिवसापासून आपल्याला दोन कारखाने म्हणणं सोडलं. "ती विलास-सलीमची जोडी" असं म्हणायचे. मला त्याचा अभिमान होता, पण खरं सांगतो, मला लाजही वाटली होती. कारण तू आला नसतास तर मी काय जुळवाजुळव केली होती, ते तुला कधी सांगितलं नाही.

आपलं एक भांडण अर्धवट राहिलं. तू म्हणायचास, आपल्यात लिहून ठेवू. कुणी काय करायचं, चुकलं तर कुणी निस्तरायचं, एकानं दुसऱ्याला सोडायचं झालं तर किती दिवस आधी सांगायचं. मी म्हणायचो, "सलीम, आपल्यात लिहायचं काय? तुझा माझ्यावर भरवसा नाही?" हे वाक्य टाकलं की तू गप्प व्हायचास. मी ते चार-पाच वेळा टाकलं. तू एकदा म्हणालास, "भरवसा हाय म्हनूनच लिवू म्हनतो. भरवसा नसल्यावर कोन लिवतंय, तवा वकील लिवतो." तेव्हाही मी हसून विषय बदलला.

का बदलला, ते आज सांगतो.

मागच्या दिवाळीनंतर कंपनीचे नवे खरेदी साहेब मला म्हणाले, "दोन ठिकाणी कशाला? कटिंग आणि हार्डनिंग एकाच छताखाली आणा, पुढच्या मॉडेलचं सगळं काम तुम्हाला." मी त्यांना नाही म्हणालो नाही. राजगुरुनगर रोडला एक कारखाना बंद पडला होता, तिथली भट्टी विकायची होती. मी बघायला गेलो. एकटाच गेलो. भट्टीचं दार उघडून आत डोकावलो, तिच्यावरच्या पाटीचा फोटो काढला, परत येऊन शेडमध्ये टेप लावून मापं घेतली. त्या दिवशी सकाळी तुझा फोन आला होता. "काय बदललं का?" मी म्हणालो, "काही नाही."

भट्टी मी घेतली नाही. तुझ्या मैत्रीखातर घेतली नाही असं लिहायला मला फार आवडलं असतं. पण माझं छत बुटकं पडलं. भट्टी आत गेली नसती. छत उंच करायचं तर महिनाभर काम बंद, त्याचा विचार करत होतो, एवढ्यात तुझ्या दवाखान्याची बातमी आली. ही खरी गोष्ट आहे. तुझ्यावर चिडून लिहायला बसलो, पण सात महिने तू खोटं बोललास त्याच काळात मीही बोलत होतो. तुझं खोटं मला त्रास होऊ नये म्हणून होतं. माझं, तुला सोडता यावं म्हणून.

म्हणून कबरीपाशी मला बोलता आलं नाही.

तू गेल्यानंतर आठव्या दिवशी त्याच खरेदी साहेबांचा फोन आला. सांत्वनाची दोन वाक्यं, मग कामाचं. म्हणाले, महिनाअखेरपर्यंत ठरवा. सलीमभाईंच्या मागे त्यांची मुलगी भट्टी चालवणार, तुमचं तिच्याशी जमणार असेल तर दोघांची नावं द्या, नाहीतर आम्ही दुसऱ्याकडे जातो, त्याच्याकडे सगळं एका छताखाली आहे. म्हणजे काम राहील की जाईल, ते आता माझ्या आणि नाझनीनच्या हातात. नाझनीनला मी शाळेचं दप्तर पाठीवर असल्यापासून बघतोय. धातुशास्त्र शिकली, सहा वर्षं तुझ्याबरोबर भट्टीवर उभी राहिली, तरी माझ्या डोळ्यांपुढे दप्तरच येतं. मला वाटलं, सोपं आहे. जाऊ, डोक्यावर हात ठेवू, म्हणू, काळजी करू नकोस, काका आहेत.

गेलो. तुझ्या खुर्चीवर ती बसली नव्हती, बाजूच्या स्टुलावर बसून रजिस्टर बघत होती. मला चहा दिला. माझी सगळी वाक्यं तयार होती आणि तोंडातून भलतंच निघालं.

"नाझनीन, मागच्या वर्षी मी भट्टी बघायला गेलो होतो. स्वतःच्या शेडमध्ये बसवायला. तुझ्या अब्बांना सांगितलं नव्हतं."

तिनं रजिस्टर बंद केलं. मला वाटलं आता उठून जाईल.

"कुठली? ती राजगुरुनगर रोडची?"

"हो."

"तुमचं छत किती उंच आहे काका?"

"बारा फूट."

"मग नाही बसणार ती." मग तिनं विचारलं, "म्हणून नाही घेतली? अब्बांमुळे नाही?"

खोटं बोलायला ती चांगली जागा होती. समोर तुझी मुलगी, डोळे सुजलेले, आणि माझ्या एका "हो"नं तिला बरं वाटलं असतं. "नाही," मी म्हणालो. "छतामुळे."

तिनं चहाचा कप बाजूला ठेवला. मग म्हणाली, "तुम्ही सांगितलंत, तर मीही सांगते. मोशीतल्या एका वर्कशॉपकडून मी सॅम्पल मागवलेत. तुमच्याऐवजी चालतील का ते बघायला."

सलीम, मला ते फार लागलं. बावीस वर्षं, आणि बाप जाऊन महिना झाला नाही, तर पोरगी दुसरा शोधतेय! हे मनात आलं, तोंडावरही आलं असणार, कारण ती लगेच म्हणाली, "रागावू नका. उठा, तुम्हाला काहीतरी दाखवते."

ती मला मागे घेऊन गेली. माझेच बुश होते, गेल्या काही लॉटमधले, भट्टीत न टाकता राहिलेले. तिनं एकेक मोजून दाखवला. एकाचा बोअर लहान, दुसऱ्याचा मोठा, तिसरा किंचित वाकडा. माझ्या मशीनचा स्पिंडल, नग धरून फिरवणारा दांडा, ढिला झालाय, हे मापं ओरडून सांगत होती.

"असे नग कंपनीत पास कसे झाले?" मी विचारलं.

"अब्बा पास करायचे. प्रत्येक बुश मोजायचे. मोठा बोअर असेल तो जुन्या पद्धतीनं एकावर एक रचून भट्टीत लावायचे, म्हणजे आकसेल. लहान असेल तो नंतर इथं बसून हातानं घासायचे. सोमवारी दवाखान्यातून आले की दुपारभर हेच करायचे. हाताला सुईची पट्टी तशीच असायची. मी म्हटलं, काकांना सांगा ना. तर म्हणाले, त्याची मशीन जुनी हाय, नवी घ्यायच्या विचारात आसंल, उगं त्याला घोर नको. मलाही सांगू नको म्हणाले."

मी तिथल्या खोक्यावर बसलो. गेटवर उन्हात तूच ठरवलेला नियम तूच मोडलास. आणि कधी मोडलास? मी टेप घेऊन तुझ्या भट्टीच्या जागी दुसरी बसवायची मापं घेत होतो, तेव्हा तू सुई टोचलेल्या हातानं माझे बोअर घासत होतास. सलीम, हे तू करायला नको होतंस. मी रागानं लिहितोय, पण राग कुणावर, ते मला नीट सांगता येत नाही. मला रडू आलं. नाझनीन बाजूला उभी राहिली. तिनं पाठीवर हात ठेवला नाही, उगाच समजूत घातली नाही. पाण्याचा ग्लास आणून ठेवला आणि थांबली.

मग म्हणाली, "काका, अब्बा करायचे ते मी करणार नाही. मला जमणारही नाही आणि ते बरोबरही नाही. तुम्ही पाच नग करून द्या. मी काहीही सांभाळून न घेता टाकते. मोशीवाल्याचेही पाच टाकते. मोजून जे येईल त्यावर ठरवू. तुमच्या मनात भट्टी असेल तर तेही मला आत्ताच सांगा."

"भट्टी नाही," मी म्हणालो. "पाच नग देतो."

ते पाच मी स्वतः कापले. कित्येक वर्षांनी लेथवर उभा राहिलो, ऑपरेटर चकित होऊन बघत होता. गुडघे दुखले, चष्मा दोनदा पुसावा लागला. फार जपून कापले. माझ्या हाताची मला घमेंड आहे, तुला माहीत आहे.

काल तिचा निरोप आला, फोनवर नाही सांगत, येऊन बघा. गेलो. कापडावर दहा नग मांडले होते, पाच माझे, पाच त्याचे. मोशीवाल्याचे चार पास. माझे तीन. तिनं प्रत्येकाचं माप लिहून कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "स्पिंडलचं बेअरिंग बदला. महिनाअखेरीला अजून वेळ आहे, तेवढा मी थांबते. परत पाच आणा. नाही जमलं तर मी साहेबांना त्यांचं नाव देईन. तुम्हाला आधी सांगून देईन."

एवढं कुणी माझ्याशी सरळ बोललं नव्हतं. तूही नाहीस. मी "बरं" म्हणालो. बाहेर येऊन स्कूटरपाशी उभा राहिलो तर छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं. काम हातातून जाऊ शकतं, आणि तरी.

आज दिवसभर मशीन उघडून बसलोय. जुनं बेअरिंग काढलंय, नवं सकाळी येतंय. सोमवारी परत पाच नग घेऊन जाईन. ते पास होतील की नाही, खरंच सांगता येत नाही. पण जे काही होईल ते माझ्या हातानं आणि तिच्या मापानं होईल. सलीम, तू आता यात मध्ये येऊ नकोस. माझं काही सांभाळून घेऊ नकोस. खूप केलंस. झोप आता.